काळोखात लावायची रेकॉर्ड : ‘द झोडिॲक – कॉस्मिक साउंड्स’

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचे काका बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक अमेरिकन एलपी सापडली, ‘द झोडिॲक : कॉस्मिक साउंड्स’, १९६७ ची. पाकिटाच्या मागे ‘ही अंधारातच लावावी’ अशी तंबी आहे. एक माणूस बारा राशींवर काहीबाही बोलत राहतो आणि त्याच्याभोवती चित्रविचित्र आवाज उठत राहतात. ही एलएसडीवाल्यांची, म्हणजे भास घडवणाऱ्या गोळीच्या नादातल्यांची, रेकॉर्ड आहे का, ऐकण्याजोगी आहे का, हे त्यांना विचारायचं आहे. खरी मेख पुढे आहे. त्यांचा ग्रुप कवितांचं अभिवाचन करतो, साथीला कीबोर्ड आणि तबला असतो, आणि शब्द संगीतात बुडतात ही प्रेक्षकांची कायमची तक्रार. या रेकॉर्डमध्ये एवढा गदारोळ असूनही शब्द बुडत नाहीत, ते का?

मी तीसेक वर्षं ध्वनिमुद्रणात आहे. गाणी थोडी केली, बोलणं जास्त: श्रुतिका, अभिवाचनं, बोलकी पुस्तकं. अलीकडे लोकांच्या जुन्या रेकॉर्डा स्वच्छ करून डिजिटल करून देतो. ही एलपी माझ्या हातून दोनदा गेली आहे, म्हणून जरा लांबण लावतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या पोटात आहे.

आधी गैरसमज काढू. ही रेकॉर्ड हिप्पींनी केलेली नाही, हिप्पींना विकण्यासाठी केलेली आहे. कल्पना जॅक होल्झमन यांची, म्हणजे इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीच्या मालकांची. त्यांनी १९५० मध्ये कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीतून कंपनी सुरू केली, पुढची बरीच वर्षं लोकगीतं विकली, मध्येच नाटकवाल्यांना आणि रेडिओवाल्यांना लागणाऱ्या नुसत्या आवाजांच्या रेकॉर्डांची मालिका काढली, आणि १९६६ मध्ये ‘द डोअर्स’ या बँडला करारात बांधलं. वारा कुठून येतोय हे या गृहस्थांना भिंतीआडूनही कळायचं. १९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात देशभरची पोरं येऊन थडकली होती, त्यांच्या बोलण्यात ग्रह, राशी आणि येऊ घातलेलं कुंभ राशीचं युग होतं. राशी बारा, एलपीच्या बाजू दोन, प्रत्येक बाजूला सहा. धंद्याच्या दृष्टीने हिशेब चोख बसला.

ही कल्पना त्यांनी ज्यांच्या हाती सोपवली तेही कुणी फुलं माळून फिरणारे नव्हते. संगीत मॉर्ट गार्सन यांचं. कॅनडात जन्म, न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीत विद्यालयात शिक्षण, पॉप गाण्यांना चाली लावणं आणि वाद्यमेळ लिहून देणं हा पोटापाण्याचा उद्योग, वय चाळिशीच्या पुढे. शब्द झाक विल्सन यांचे. निर्मिती ॲलेक्स हॅसिलेव्ह यांची, ते ‘लाइमलायटर्स’ या लोकगीत गाणाऱ्या तिघांपैकी एक. ड्रम्सवर हॅल ब्लेन, बेस गिटारवर कॅरल के, कीबोर्डवर माइक मेल्व्हॉइन. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत रोज तासावर वाजवणारी ही मंडळी. सकाळी एका गायकाचं गाणं, दुपारी टीव्हीच्या मालिकेचं शीर्षकसंगीत, संध्याकाळी मेष रास. समोर कागद ठेवला की वाजवायचं, घड्याळ बघायचं, घरी जायचं. मुंबईत फिल्मी रेकॉर्डिंगला व्हायोलिनची पेटी घेऊन लोकलने येणारे वादक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र सांगावं लागणार नाही.

तरी या वादकांत दोघे असे होते की ज्यांचे कान आपल्याकडे वळलेले होते. बड शँक यांची बेस बासरी या रेकॉर्डवर आहे. हेच शँक १९६२ च्या एका एलपीवर पंडित रविशंकर यांच्याबरोबर बासरी वाजवतात. आणि तालवाद्यं वाजवणारे एमिल रिचर्ड्स हे ‘हिंदुस्थानी जॅझ सेक्स्टेट’मध्ये होते, ट्रम्पेटवादक डॉन एलिस आणि रविशंकरांचे शिष्य हरिहर राव यांनी लॉस एंजेलिसमध्ये उभा केलेला हा मेळ. रिचर्ड्सना जगभरची घंटा, झांजा, लाकडं, भांडी जमवायचा नाद होता. या रेकॉर्डमध्ये ‘हे काय वाजलं?’ असं जिथे जिथे वाटतं, तिथे निम्म्या वेळा तो इलेक्ट्रॉनिक आवाज नसून रिचर्ड्सनी कशावर तरी मारलेली टिचकी असते, असा माझा कान सांगतो.

उरलेल्या निम्म्या वेळा ते पॉल बीव्हर आणि त्यांचा मूग, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर.

इथे थोडं थांबतो, कारण या वाद्याने रेकॉर्डचा पोत ठरवला. आमच्या धंद्यात त्याला मूगच म्हणतात आणि नवशिका मुलगा गप्प बसला की ‘मूग गिळलेस का रे’ हा विनोद ठरलेला. पण ते बनवणारे रॉबर्ट मोग स्वतःच्या आडनावाचा उच्चार ‘मोग’ करत. गोव्याच्या माणसाला हे जास्त आवडेल, कोकणीत मोग म्हणजे प्रेम.

मोग यांनी १९६४ मध्ये पहिलं यंत्र दाखवलं. आजच्या कीबोर्डसारखं ते बटण दाबलं की ‘स्ट्रिंग्ज’ वाजणारं नव्हतं. कपाटाएवढी चौकट, तिच्यात वेगवेगळे डबे: एक कंप निर्माण करणारा, एक त्यातला वरचा किंवा खालचा भाग गाळणारा, एक आवाज किती झपाट्याने उठावा आणि किती सावकाश विरावा हे ठरवणारा. डबे एकमेकांना वायरींनी जोडायचे, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाई जोडायच्या तसे. सगळा कारभार विजेच्या दाबावर: एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर. खोली तापली की सूर सरकायचा, मग पुन्हा लावायचा. वायरी काढल्या की तो आवाज गेला, यंत्राला स्मरणशक्ती नव्हती. काय कुठे जोडलं होतं ते कागदावर लिहून ठेवलं असेल तर नशीब. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका वेळी एकच सूर. दोन बोटं दाबली तरी सूर एकच यायचा. ही शेवटची अडचण लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

‘कॉस्मिक साउंड्स’ ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मूग वापरून झालेल्या अगदी पहिल्या रेकॉर्डांपैकी. त्याच वर्षी १६ ते १८ जूनला माँटेरीला पॉप महोत्सव झाला. रविवारी दुपारी रविशंकर आणि अल्लारखा वाजवत होते, आणि त्याच मैदानावर बीव्हर आणि त्यांचे जोडीदार बर्नी क्राउस मूग मांडून बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्या बँडवाल्यांना तो दाखवत. सतार आणि मूग एकाच कुंपणाच्या आत. त्या काळच्या कानाला दोन्ही सारखेच परग्रहावरचे वाटले असतील.

आता एलएसडीचं. १९६७ मध्ये असल्या रेकॉर्डला ‘सायकेडेलिक’ म्हटलं की त्यात गोळीचा वास असायचाच, पण बोलण्याच्या रेकॉर्डांत तीन वेगळी घराणी होती आणि ती लोक एकत्र कालवतात. पहिलं घराणं म्हणजे १९६२ ची ॲलन वॉट्स यांची ‘धिस इज इट’. झेनवर व्याख्यानं देणारे हे इंग्रज गृहस्थ, मित्र जमवून ढोल बडवतात, हसतात, ओरडतात, निरर्थक अक्षरं उधळतात. तिथे ठरवून केलेलं काही नाही, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा ऐकावंसंही फारसं नाही. दुसरं घराणं टिमथी लिअरी या एलएसडीचा प्रचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचं. १९६६ मध्ये त्यांच्या बोलण्याच्या रेकॉर्डा निघाल्या. एकीवर लिअरी आणि त्यांचे सहकारी मेट्झनर आणि अल्पर्ट हे तिबेटी मृत्युग्रंथावर बेतलेल्या आपल्याच मार्गदर्शिकेतून वाचतात. ते सरळसरळ सूचनांचं पठण आहे, प्रवासाला निघालेल्याला घाबरू नको, सोडून दे, वाहू दे असं सांगणारं. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाने एलएसडीवर बंदी घातली.

तिसरं घराणं म्हणजे तुमची ही एलपी. इथे गोळी कुणी गृहीत धरलेली नाही. एक दिवा विझवा, चाळीस मिनिटांच्या आत तुम्हाला फिरवून परत आणतो, असा हा सौदा आहे. कॉलेजातल्या पोराने आईवडिलांच्या घरी बैठकीच्या खोलीत लावावी आणि थोडं बिघडल्यासारखं वाटून घ्यावं, एवढाच तिचा गुन्हा. आमच्या पिढीला अंधारात ऐकायची सवय लोडशेडिंगने फुकटात लावली, पण त्यांच्यासाठी ती चैन होती. तीही होल्झमन यांनी शोधलेली नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉरिसन तारांगणात १९५७ ते १९५९ या काळात हेन्री जेकब्ज आणि जॉर्डन बेल्सन यांनी ‘व्होर्टेक्स’ नावाचे कार्यक्रम केले होते: घुमटाखाली अंधार, चारी बाजूंनी स्पीकर, वर प्रकाशाच्या आकृत्या. हेच जेकब्ज पुढे वॉट्स यांच्या त्या रेकॉर्डमध्येही होते. होल्झमन यांनी तारांगण पाकिटात घातलं.

रास बघून तुम्ही आपला ट्रॅक शोधायला जाल, तर एक इशारा. आपल्याकडे रास म्हणजे जन्मवेळी चंद्र जिथे असेल ती. यांची रास सूर्याची. त्यातही त्यांचा सूर्य मेषेत शिरतो २१ मार्चच्या आसपास आणि आपल्या पंचांगातला १४ एप्रिलच्या आसपास, कारण दोन्ही गणितांत सुमारे २४ अंशांचा फरक आहे, ज्याला आपले लोक अयनांश म्हणतात. सोपी खूण अशी की मकर संक्रांतीचा तिळगूळ आपण १४ किंवा १५ जानेवारीला वाटतो, आणि या रेकॉर्डवरचा मकर २२ डिसेंबरच्या सुमाराला चढायला लागलेला असतो. आणि चढतोच तो. प्रत्येक राशीला त्यांनी एक उपनाव दिलं आहे आणि मकरेचं ‘गिर्यारोहक’ अशा थाटाचं आहे. कन्या ‘कायमची काटेकोर’. तूळ तर थेट ‘फुलांचं पोर’, म्हणजे हिप्पीच. मीन राशीला शांततेचा पावा वाजवणारा (‘पीस पायपर’) करून त्यांनी इंग्रजीत एक कोटीही साधली आहे.

या शब्दांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. पहिल्याच ट्रॅकच्या पहिल्याच ओळीत लाल रंग नऊ वेळा फुटतो, तापल्या रक्तासारखा, आणि लढाई जुंपते. मेष, मंगळ, लाल, युद्ध. शाळेच्या हस्तलिखितात शोभलं असतं. पुढेही अशीच भारदस्त विशेषणं एकावर एक रचलेली आहेत. कागदावर वाचलंत तर दुसऱ्या राशीपर्यंत जांभई येईल.

आणि तरी ऐकताना येत नाही. यालाच आपल्याला हात घालायचा आहे.

बोलणारा माणूस सायरस फर्यार. जन्म तेहरानचा, वाढले हवाईत, ‘मॉडर्न फोक क्वार्टेट’मध्ये गायचे. आवाज खालच्या पट्टीतला. पहिल्या ओळीतलं ते फुटणारं रक्त ते कसं बोलतात ऐका. ओरडत नाहीत, थरथरत नाहीत, अर्थ दाखवायला आवाज वाकडा करत नाहीत. ड्रम्स आणि बेस धावत आहेत, बीव्हरचं यंत्र सायरनसारखं वर चढतंय, आणि मधोमध हा माणूस रेल्वेचं वेळापत्रक वाचावं इतक्या सपाट स्वरात रक्त आणि आगीबद्दल सांगतोय. ओळ संपली की तो थांबतो, आणि थांबतो म्हणजे खरंच थांबतो. त्या जागेत वाद्यं येतात. वाद्यांचं वाक्य संपलं की तो परत येतो.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि मेष ट्रॅकला फक्त एवढंच टिपा: शब्द चालू असताना काय वाजतंय आणि शब्द थांबल्यावर काय वाजतंय. मी शिकाऊ मुलांना हाच व्यायाम देतो. पहिल्या रकान्यात बहुतेक करून अशा गोष्टी येतात ज्या वाजतात आणि विरतात: ढोलाचा ठोका, घंटेची टिचकी, बेसचा एक सूर, कीबोर्डचा तुटक टणत्कार. लांबलेले, पसरलेले आवाज दुसऱ्या रकान्यात जास्त. मूगला तर एका वेळी एकच सूर, त्यामुळे तो भिंत बांधूच शकत नाही, रेघ ओढतो. ज्या अडचणीला त्या वेळी वादक वैतागले असतील तिनेच बोलणाऱ्याला जागा करून दिली.

वृषभ ऐका, तिथे सगळं संथ आहे, शँक यांची बेस बासरी आहे. ही बासरी साध्या पाश्चात्त्य बासरीपेक्षा एक सप्तक खाली बोलते. आता हे बघा: शब्द आपल्याला कळतो तो स्वरांवरून कमी, व्यंजनांवरून जास्त. ‘पान’, ‘कान’, ‘मान’, ‘दान’ यांत आ आणि न सारखेच; फरक सगळा पहिल्या अक्षराच्या त्या निमिषभराच्या आवाजात. हा नाजूक भाग साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात राहतो. बेस बासरी, बेस गिटार, मोठा ढोल यांचा बहुतेक कारभार त्याच्या खूप खाली. बासरी सुंदर वाजत राहते आणि फर्यार यांच्या व्यंजनाला धक्का लागत नाही. गार्सन यांनी मांडणी करताना ही आकडेमोड केली असेल असं मी म्हणत नाही. वीस वर्षं गायकांसाठी वाद्यमेळ लिहिणाऱ्या माणसाच्या हाताला ती सवय असते.

तुमच्या ग्रुपमध्ये काय होतंय ते मी न ऐकता सांगतो. कीबोर्डवाला मुलगा गुणी आहे. कविता सुरू झाली की तो डाव्या हाताने ‘स्ट्रिंग्ज’चा एक मऊ कॉर्ड धरतो, पायाने सूर लांबवणारं सस्टेन पेडल दाबतो आणि कविता संपेपर्यंत सोडत नाही. त्याला वाटतं आपण गालिचा अंथरतोय. गालिचा नाही, ती गोधडी आहे, आणि वाचणारा तिच्या खाली. असा चार-पाच सुरांचा कॉर्ड खालपासून वरपर्यंत सगळा पट्टा व्यापतो आणि अखंड व्यापतो. कानाला विसावा नाही. मग वाचणारा आवाज चढवतो, ध्वनिव्यवस्थेवाला माईक वाढवतो, कीबोर्डवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तोही वाढवतो. तबलेवाला बिचारा निर्दोष असतो, तबल्याचा बोल वाजतो आणि विरतो. शिव्या मात्र त्यालाच बसतात, कारण तो दिसतो.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. खूप वर्षांपूर्वी एका काव्यवाचनाच्या कार्यक्रमाला मी वाचणाऱ्याच्या आवाजावर लांबलचक रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवला होता. तालमीत सगळे खूश. गुहेतून ऋषी बोलतोय असं वाटतं म्हणाले. कार्यक्रमानंतर पहिल्या रांगेतल्या एक आजी माझ्यापाशी आल्या, हातातली पिशवी सावरत म्हणाल्या, “बाळ, तो शेवटी ‘रात्र’ म्हणाला की ‘राख’?” कवितेचा सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा होता. आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दाच्या तोंडावर पडत होती, आणि आपली जोडाक्षरं तर आधी मरतात: क्ष चा श होतो, ज्ञ चा न होतो, त्र चं काहीही होतं. आजी म्हणाल्या ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. घरी येऊन टेप ऐकली तर मलाही कळेना.

सायकेडेलिक म्हणजे आवाजावर घुमारा, असं आपल्या डोक्यात बसलंय. या एलपीवर गरगर फिरतं ते भोवतालचं. बोलणारा बराचसा कोरडा आहे, जवळ आहे, आणि शुद्धीवर आहे. चक्कर त्यामुळेच येते. सगळंच फिरत असेल तर फिरतंय हे कळणार कशाच्या आधाराने? पाळण्यात बसलेल्याला खालची माती दिसावी लागते.

ऐकायची कशी, तर आधी पाकीट बघा. क्रमांक ईकेएस-७४००९ असेल तर स्टीरिओ, ईकेएल-४००९ असेल तर मोनो. मोनो निघाली तर निराश होऊ नका. स्टीरिओ कार्ट्रिजवरच (सुई बसते त्या भागावर) लावा, पण दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करा. मोनो रेकॉर्डमधला खरा आवाज सुईच्या आडव्या हालचालीत असतो आणि धूळ, झीज यांची खरखर उभ्या हालचालीतही असते. दोन चॅनल एक केले की उभी हालचाल एकमेकींना खाऊन टाकते, खरखर लक्षात येण्याइतकी घटते. स्टीरिओ असेल तर घरातल्या जुन्या सुटकेसवजा मोनो प्लेअरवर मुळीच लावू नका. त्या सुया जड असतात आणि उभ्या हलत नाहीत, त्या खाचेला नांगरतात. चांगल्या टर्नटेबलवर सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो, तेवढा पुरे.

काकांची पेटी बोटीवरून आली म्हणजे खारी दमट हवा खाऊन आली. रेकॉर्डवर पांढुरके ठिपके असतील तर ती बुरशी. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. उभी करून वाळवायची, उन्हात नाही. पेटीत लाखेच्या जुन्या ७८ च्या तबकड्याही असतील तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही दाखवू नका, लाख विरघळते.

डिजिटल करून घेणार असाल तर करणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा: खरखर काढणारं सॉफ्टवेअर हलक्या हाताने. ते यंत्र झटकन उठणारा आणि झटकन पडणारा आवाज दिसला की त्याला चरा समजतं. एमिल रिचर्ड्स यांची टिचकीही तशीच दिसते, आणि ‘प’, ‘ट’, ‘क’ ही व्यंजनंही. माझ्या हातून पहिल्यांदा ही एलपी गेली तेव्हा मी इतकी स्वच्छ केली की घंटांचे दात पडले आणि फर्यार बोबडे झाले. मालक खूश होते, मीच परत मागून घेतली आणि पुन्हा केली. चार चरे राहू द्या.

पाकिटावरचं चित्र एब गर्विन यांचं आहे आणि त्या काळच्या रंगांचा उत्तम नमुना आहे. आतली कागदी पिशवी सडली असेल तर नवी घाला, पण बाहेरचं पाकीट टाकू नका. विकायची घाई करू नका असं मी म्हणेन, पण तो तुमचा प्रश्न.

गार्सन पुढे या वाटेवर बरेच चालले. १९६९ मध्ये त्यांनी दुसऱ्या कंपनीसाठी प्रत्येक राशीची एक अशा बारा वेगळ्या एलपी केल्या; एका कल्पनेचा रस किती पिळावा याचा तो विक्रमच म्हणायचा. चंद्रावर माणूस उतरला त्या वेळच्या अमेरिकन टीव्हीच्या प्रक्षेपणातही त्यांचं संगीत होतं. आणि १९७६ मध्ये त्यांनी मूगवर चक्क झाडांना ऐकवण्यासाठी एलपी केली, लॉस एंजेलिसच्या एका रोपवाटिकेत कुंडी घेतली की ती फुकट मिळायची. त्यात कुणी बोलत नाही. मला त्यांची तीच जास्त आवडते, हे इथे कबूल करतो.

आता तुमची पुढची तालीम. कीबोर्डच्या मुलाचं पेडल काढून घ्या, रागावेल, रागावू द्या. वाचन चालू असताना त्याला एकाच बोटाने वाजवायला सांगा, कॉर्ड फक्त कडवं संपल्यावर, आणि तोही पुढची ओळ यायच्या आत सोडायचा. वाचणाऱ्याचं तोंड माईकपासून एक वीत, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ च्या वेळी फुंकर थेट बसणार नाही. रिव्हर्ब द्यायचाच तर वाद्यांना द्या, वाचणाऱ्याला अगदी नखाएवढा. वाचणाऱ्याला सांगा की संगीत चढेल तेव्हा तू चढू नकोस. हे सगळ्यात अवघड जाईल, कारण आपल्याकडे अभिवाचन म्हणजे ‘भाव ओतणं’ अशी समजूत आहे, आणि भाव ओतला की ओळीचा शेवट हमखास खाली पडतो.

मग हॉलचे दिवे घालवा. ज्याने कविता आधी वाचलेली नाही अशा एखाद्याला शेवटच्या रांगेत बसवा आणि प्रत्येक कडव्यातला शेवटचा शब्द मोबाइलच्या उजेडात लिहून काढायला सांगा. दहापैकी नऊ बरोबर आले तर कार्यक्रम लावा. सहा आले तर कीबोर्डकडे बघा, माईक वाढवू नका.

काकांच्या पेटीत अजून काही निघालं तर पाकिटांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवा. तोवर बुरशी पंचाने पुसू नका, आणि उदबत्तीची राख तर मुळीच चोळू नका. तसं करून आणलेली एक रेकॉर्ड मागच्याच आठवड्यात माझ्या टेबलावर होती.